सेकंडहँड इलेक्ट्रो-अकौस्टिक गिटारचे मॉडेल ओळखता येत नसल्यास काय करावे

सेकंडहँड इलेक्ट्रो-अकौस्टिक गिटार घेतली की आज ना उद्या एक अडचण उभी राहते. प्रीॲम्पचा (पिकअपचा क्षीण आवाज वाढवणाऱ्या छोट्या सर्किटचा) एखादा नॉब काम करेनासा होतो, सॅडलखालच्या (तारा खालच्या टोकाला ज्या पट्टीवर टेकतात तिच्याखालच्या) पिकअपमधून, म्हणजे तारांचे कंपन विजेच्या संकेतात बदलणाऱ्या भागातून, एकदोन तारांचा आवाज दबका येऊ लागतो, किंवा बॅटरीच्या कप्प्याचे झाकण तुटते. सुटा भाग मागवायला गेल्यावर पहिला प्रश्न येतो तो मॉडेलचा, आणि गिटारच्या पोटातले लेबल तर फाटलेले, पुसट झालेले किंवा कोणीतरी केव्हाच काढून टाकलेले असते. हेडस्टॉकवर (नेकच्या वरच्या टोकावर, जिथे ट्यूनिंग की असतात) फक्त कंपनीचे नाव असते, विकणाऱ्याने सांगितलेले मॉडेल पुराव्याशी जुळत नाही, आणि चित्रांशी ताडून पाहावे तर त्या कंपनीच्या चारपाच गिटारी एकसारख्याच दिसतात.

अशा वेळी बहुतेक जण सर्वांत आधी प्रीॲम्पवरचे नाव वाचून त्यावरून मॉडेल शोधू लागतात, आणि शोध नेमका तिथेच भरकटतो. संपूर्ण गिटारमध्ये सहज बदलता येणारा भाग कोणता असेल तर तो प्रीॲम्प. त्यामुळे माझ्या मते त्याची साक्ष सर्वांत शेवटी घ्यावी. आधी पोटातले शिक्के, मग अनुक्रमांक, त्यानंतर मापे आणि लाकूड, आणि या सगळ्यांनी मिळून काही नावे पुढे आणली की मगच इलेक्ट्रॉनिक्सकडे वळावे, हा क्रम पाळल्यास चुकीच्या मॉडेलचा सुटा भाग हाती येण्याची वेळ सहसा येत नाही.

पोटातले शिक्के

तारा पुरत्या सैल कराव्यात, पण काढून टाकू नयेत. सगळ्या तारा एकदम काढल्या तर सैल बसलेला सॅडल निसटतो आणि त्याखालच्या पिकअपची वायर ओढली जाण्याचा धोका असतो. मग बारीक विजेरी आणि दांडीचा छोटा आरसा घेऊन साउंडहोलमधून (पुढच्या फळीतल्या मोठ्या भोकातून) आत पाहावे. आरसा नसेल तर मोबाइलचा दिवा चालू ठेवून कॅमेरा साउंडहोलपाशी हळूहळू फिरवत व्हिडिओ काढावा आणि नंतर तो थांबवत थांबवत पाहावा. लेबल साधारणपणे साउंडहोलच्या समोर, पाठीच्या आतल्या बाजूला असते, परंतु शोध तिथेच थांबवू नये. नेक ज्या लाकडी ठोकळ्यात बसवलेला असतो तो नेक ब्लॉक, पाठीच्या मधल्या जोडावरची लाकडी पट्टी, पुढच्या फळीची आतली बाजू आणि हेडस्टॉकची मागची बाजू या चारही जागा नीट पाहाव्यात.

मार्टिन कंपनीच्या गिटारींच्या बाबतीत नेक ब्लॉक ही सर्वांत महत्त्वाची जागा आहे, कारण अनुक्रमांक आणि १९३० च्या सुमारापासून मॉडेलचे नावही तिथेच ठोकलेले असते. ओव्हेशनच्या गोल पाठीच्या गिटारमध्ये लेबलवर चार आकडी मॉडेल क्रमांक आणि त्यापुढे आडव्या रेघेनंतर एक आकडा असतो. तो शेवटचा आकडा रंगाचा असतो, ४ म्हणजे नैसर्गिक लाकडी रंग आणि ५ म्हणजे काळा. यामाहाच्या लेबलवरही मॉडेलच्या नावानंतर एनटी किंवा बीएल अशी अक्षरे दिसतात, आणि तीही रंगच सांगतात. रंगाची अक्षरे मॉडेलचाच भाग समजून शोध घेतल्यामुळे काहीच सापडत नाही, ही तक्रार फार वेळा ऐकू येते, म्हणून एवढे मुद्दाम सांगितले.

लेबल फाटलेले असले तरी त्याची खूण राहते. कागदाखालचे लाकूड भोवतालच्या लाकडाइतके काळवंडलेले नसते, त्यामुळे लेबलाचा आकार आणि मोजमाप कळते, आणि त्याच कंपनीच्या वेगवेगळ्या काळातील लेबलांच्या छायाचित्रांशी ते ताडून पाहता येते. शाई पुसट झाली असेल तर प्रकाश समोरून टाकू नये. विजेरी कागदाच्या जवळजवळ समांतर धरावी, म्हणजे पेनाने किंवा शिक्क्याने दाबली गेलेली अक्षरे सावलीमुळे उठून दिसतात. तसाच फोटो काढून त्यातील गडद-फिका भेद वाढवला तर एरवी न दिसणारे आकडे कित्येकदा वाचता येतात. हेडस्टॉकच्या मागे ठोकलेला क्रमांक नव्या रंगरोगणाखाली बुजला असेल तर त्यावर पातळ कागद ठेवून पेन्सिलीचे टोक आडवे घासावे.

गिटारबरोबर आलेल्या केसवर किंवा बॅगेवर छापलेल्या नावाला मात्र कोणतेही वजन देऊ नये.

अनुक्रमांकाची मर्यादा

अनुक्रमांक सापडला की काम झाले असे वाटते, पण बहुतेक कंपन्यांचा अनुक्रमांक गिटार कधी बनली ते सांगतो, कोणती बनली ते सांगत नाही. त्याचा उपयोग नावे गाळण्यासाठी होतो: जे मॉडेल त्या वर्षी बनतच नव्हते, ते यादीतून सरळ बाद करता येते.

प्रत्येक कंपनीची क्रमांक वाचण्याची पद्धत निराळी असते, आणि एकीची पद्धत दुसरीला लावली की निष्कर्ष पार चुकतो. गिब्सनने १९७७ पासून वापरलेल्या आठ आकडी क्रमांकात पहिला आणि पाचवा आकडा मिळून वर्ष होते, तर दुसरा ते चौथा हे तीन आकडे वर्षातला कितवा दिवस ते सांगतात. म्हणजे ९०४७३०१२ हा क्रमांक १९९३ सालच्या सत्तेचाळिसाव्या दिवसाचा, अर्थात १६ फेब्रुवारीचा. टाकामिनेच्या आठ आकडी क्रमांकात मात्र पहिले दोन आकडे वर्ष आणि पुढचे दोन महिना दाखवतात. ९६०८१२३४ म्हणजे ऑगस्ट १९९६. हाच दुसरा क्रमांक गिब्सनच्या रीतीने वाचला तर वर्षाचा सहाशे आठवा दिवस येतो, जो असूच शकत नाही. अशी विसंगती दिसली की दोनच शक्यता उरतात. एक तर आपण भलतीच रीत लावली आहे, किंवा हेडस्टॉकवरचे नाव खरे नाही.

टेलरने २००९ च्या अखेरीपासून दहा आकडी क्रमांक वापरले. त्यातला पहिला आकडा कारखान्याचा असतो, १ म्हणजे अमेरिकेतील एल कॅहोन आणि २ म्हणजे मेक्सिकोतील टेकाटे. दुसरा आणि सातवा आकडा मिळून वर्ष, तिसरा-चौथा महिना, पाचवा-सहावा दिवस, आणि शेवटचे तीन त्या दिवसाच्या कामातला अनुक्रम. २१०८१२६०४५ हा क्रमांक या रीतीने टेकाटेमध्ये १२ ऑगस्ट २०१६ रोजी सुरू झालेली गिटार दाखवतो. मार्टिनची मुख्य क्रमांकमाला १८९८ पासून सलग चालत आली आहे आणि तिने २००४ मध्ये दहा लाखांचा, तर २०१७ मध्ये वीस लाखांचा टप्पा गाठला, त्यामुळे नुसत्या आकड्याच्या लांबीवरूनही काळाचा अंदाज बांधता येतो. यामाहाच्या क्रमांकात आकड्यांच्या जागी अक्षरे येतात, एच म्हणजे १, आय म्हणजे २ अशा क्रमाने. यामाहाच्या जुन्या क्रमांकांत वर्षासाठी एकच अक्षर वापरलेले असल्यास तेच अक्षर दर दहा वर्षांनी पुन्हा येते, म्हणून अशा गिटारचे दशक इतर खुणांवरूनच ठरवावे लागते.

मापे आणि लाकूड

मला सर्वांत जास्त भरवसा वाटतो तो या भागाचा. लेबल बदलता येते, प्रीॲम्प बदलता येतो, ट्यूनिंग की तर सर्रास बदलल्या जातात. पण नेकची लांबी, फळीचा जाड-पातळपणा आणि शरीराचा आकार कोणी बदलत नाही.

पहिले माप तारेच्या कंपणाऱ्या लांबीचे, ज्याला स्केल म्हणतात. नटच्या (हेडस्टॉकपाशी तारा ज्या खाचांतून जातात त्या पट्टीच्या) फ्रेटबोर्डाकडील कडेपासून बाराव्या फ्रेटच्या (नेकवरच्या आडव्या धातूच्या पट्टीच्या) माथ्यापर्यंतचे अंतर मिलिमीटरमध्ये मोजून दुप्पट करावे. नटपासून थेट सॅडलपर्यंत मोजू नये, कारण सूर नेमके लागावेत म्हणून सॅडल थोडा तिरका बसवलेला असतो आणि जाड तारेकडे अंतर जास्त भरते. मार्टिनच्या ड्रेडनॉट (रुंद, मोठ्या शरीराच्या) गिटारींचे स्केल साधारण ६४५ मि.मी. म्हणजे २५.४ इंच असते, त्याच कंपनीच्या आखूड स्केलच्या गिटारींचे ६३२ मि.मी., टेलरच्या बहुतेक मोठ्या गिटारींचे ६४८ मि.मी., आणि शास्त्रीय धाटणीच्या नायलॉन तारांच्या गिटारींचे बहुधा ६५० मि.मी. हे आकडे एकमेकांच्या इतके जवळ आहेत की कापडी टेपने मोजून भागत नाही. पोलादी पट्टी वापरावी आणि दोनदा मोजावे.

त्यानंतर नटची रुंदी मोजावी. पोलादी तारांच्या गिटारींत ती ४३ मि.मी. किंवा ४४.५ मि.मी.च्या आसपास असते, शास्त्रीय गिटारीत ५२ मि.मी. एकाच मालिकेतील दोन मॉडेलांत पुष्कळदा एवढाच फरक असतो. नेक शरीराला बाराव्या फ्रेटपाशी मिळतो की चौदाव्या, एकूण फ्रेट किती आहेत, ट्रस रॉड (नेक सरळ ठेवणारी आतली सळई) फिरवण्याची जागा हेडस्टॉकवर आहे की साउंडहोलच्या आत, आणि शरीराची जाडी नेकपाशी व खालच्या टोकाला किती, हेही लिहून ठेवावे.

पुढची फळी अखंड लाकडाची आहे की थर चिकटवलेली आहे, हे ठरवणे मॉडेल ओळखण्यात फार मोलाचे असते, कारण कंपन्या याच एका फरकावरून वेगळी नावे देतात. साउंडहोलच्या कडेवर प्रकाश टाकून पाहावे: वरच्या पृष्ठभागावरील उभ्या रेषा कडेवरून खाली तशाच उतरत गेल्या तर लाकूड अखंड, आणि कडेवर आडवे थर दिसले तर प्लाय. कड काळ्या रंगाने किंवा बाइंडिंगने (कडेला चिकटवलेल्या पट्टीने) झाकलेली असेल तर निदान मागची फळी तरी तपासता येते. बाहेरची एखादी गाठ किंवा ठळक रेषा आतून त्याच जागी दिसते का ते पाहावे. अर्थात मागची फळी प्लायची निघाली म्हणून पुढचीही प्लायचीच असेल असे धरून चालू नये, कारण पुढची फळी अखंड आणि पाठ व बाजू प्लायच्या, ही रचना मध्यम श्रेणीत सर्वत्र आढळते. साइडला प्रीॲम्प बसवलेला असेल तर आणखी एक सोय होते. त्याचे स्क्रू काढून तो थोडा पुढे घेतला की त्यासाठी कापलेल्या चौकटीच्या कडेवर बाजूच्या लाकडाचे थर उघड दिसतात. स्क्रू काढण्याआधी बॅटरी काढून घ्यावी, आणि प्रीॲम्प बाहेर घेताना आतल्या वायरींवर ताण येऊ देऊ नये.

ही माहिती नावातल्या अक्षरांशी ताडून पाहणे ही पुढची पायरी. फेंडरच्या सीडी-६० या नावापुढे सी असेल तर कटअवे (नेकपाशी शरीराला दिलेली खोल खाच), ई असेल तर इलेक्ट्रॉनिक्स, आणि एस असेल तर अखंड पुढची फळी. म्हणजे सीडी-६०सीई म्हणून विकलेल्या गिटारला कटअवे नसेल, तर ती मूळची साधी सीडी-६० असून तिच्यावर नंतर प्रीॲम्प बसवलेला असण्याची शक्यता फार मोठी. यामाहाच्या एफजीएक्स ८००सी आणि एफजी ८०० या जोडीलाही हाच न्याय लागू होतो. अक्षरांचा अर्थ मात्र काळानुसार बदलतो याचे भान ठेवावे: यामाहाच्या एफजी ७००एस या नावातला एस अखंड फळी दाखवत असे, तर त्यानंतर आलेल्या एफजी ८०० मध्ये अखंड फळी असूनही नावात एस नाही.

टेलरची नावे या बाबतीत सर्वांत शिस्तशीर आहेत. ८१४सीई या नावात ८ म्हणजे ८०० मालिका, मधला १ म्हणजे सहा तारा आणि मऊ लाकडाची पुढची फळी, शेवटचा ४ म्हणजे ग्रँड ऑडिटोरियम आकार, आणि पुढे कटअवे व इलेक्ट्रॉनिक्सची अक्षरे. शेवटचा आकडा ० असता तर शरीर ड्रेडनॉट, २ असता तर ग्रँड कॉन्सर्ट. लेबल नसलेल्या टेलरचा शरीराचा आकार आणि लाकूड ओळखता आले की नाव जवळजवळ आपोआप जुळवता येते.

काही खुणा दुरूनही फसवत नाहीत. यामाहाच्या एपीएक्स मालिकेचे शरीर पातळ आणि साउंडहोल लंबगोल असतो, सीपीएक्सचे शरीर मोठे आणि साउंडहोल गोल. तरीही ही दोन नावे विक्रीच्या वेळी सर्रास एकमेकांच्या जागी वापरलेली दिसतात. टाकामिनेच्या पोलादी तारांच्या अनेक गिटारींत सॅडल दोन तुकड्यांत विभागलेला असतो. ओव्हेशनची पाठ लाकडाची नसून कृत्रिम द्रव्याची, वाडग्यासारखी गोल असते.

प्रीॲम्पची साक्ष

आता इलेक्ट्रॉनिक्स. पहिली गोष्ट म्हणजे प्रीॲम्पवर फिशमन किंवा एल. आर. बॅग्ज असे लिहिलेले असेल तर ते पिकअप बनवणाऱ्या कंपनीचे नाव आहे, आणि अशा कंपन्या कितीतरी गिटार कंपन्यांना आपला माल पुरवतात. त्यावरून मॉडेल ठरत नाही. दुसरी गोष्ट, तो प्रीॲम्प मूळचा आहे का हे आधी तपासले पाहिजे. कारखान्यात कापलेली चौकट सरळ आणि कोपऱ्यांत सारखी असते, आणि आतून बाजूच्या पातळ लाकडाला आधारपट्ट्या चिकटवलेल्या दिसतात. नंतर घरी किंवा दुरुस्तीच्या बाकावर कापलेल्या चौकटीची कड ओबडधोबड असते, रोगण कडेला तडकलेले असते, आणि प्रीॲम्पची चौकट उचलली की जुन्या स्क्रूंची बुजवलेली छिद्रे दिसतात. ७५४५आर या नावाचा, ट्यूनर असलेला प्रीॲम्प सुटा सहज मिळतो आणि तो असंख्य साध्या गिटारींवर नंतर बसवलेला आढळतो. तो दिसला की गिटार मूळची इलेक्ट्रो-अकौस्टिक नसावी ही शंका आधी घ्यावी. जॅकची (केबल खुपसण्याच्या छिद्राची) जागाही पाहावी. पट्टा अडकवण्याच्या खालच्या खुंटीजागी जॅक आहे आणि शेजारी आणखी एक बुजवलेले छिद्र आहे, असे दिसले तर इलेक्ट्रॉनिक्स किमान एकदा तरी बदललेले आहे.

टाकामिनेचे प्रीॲम्प तर मुळातच काढता-घालता येतील असे बनवलेले असतात आणि गिटारच्या मालकांनी ते बदललेले असणे अगदी सामान्य आहे, त्यामुळे टाकामिनेत प्रीॲम्पवरून मॉडेल ठरवण्याचा प्रयत्नच करू नये.

प्रीॲम्प मूळचा आहे अशी खात्री झाली की मात्र तो कामाचा साक्षीदार होतो. त्याच्या पाठीवर किंवा आतल्या सर्किट बोर्डावर भागाचा क्रमांक छापलेला असतो. बोर्डावरील चिपवर पुष्कळदा चार आकडे असतात, ज्यांत पहिले दोन वर्ष आणि पुढचे दोन आठवडा दाखवतात. १४२३ असे असेल तर ती चिप २०१४ च्या तेविसाव्या आठवड्यातली. गिटार त्या तारखेच्या आधीची असू शकत नाही, एवढे त्यावरून ठामपणे म्हणता येते. अनुक्रमांकाने दाखवलेले वर्ष चिपच्या वर्षाच्या बरेच आधीचे निघाले तर प्रीॲम्प बदललेला आहे हे सिद्ध होते. टेलरच्या एक्स्प्रेशन सिस्टिम या पिकअप-प्रीॲम्प व्यवस्थेचे तीन छोटे नॉब शरीराच्या खांद्यावर असतात आणि ही व्यवस्था २००३ मध्ये आली. तिची दुसरी आवृत्ती २०१४ ची. त्यामुळे मूळ एक्स्प्रेशन सिस्टिम असलेली टेलर १९९० च्या दशकातली आहे हा दावा तपासाविना फेटाळता येतो.

नावच खोटे असल्यास

सगळी मापे एका बाजूला आणि हेडस्टॉकवरचे नाव दुसऱ्या बाजूला, अशी स्थिती आली तर नकली मालाची शक्यता मोकळ्या मनाने विचारात घ्यावी. मार्टिन, गिब्सन आणि टेलर या नावांच्या नकला पुष्कळ आहेत. मार्टिनचे महागडे मॉडेल असल्याचे सांगितले जाते, पण नेक ब्लॉक कोरा आहे, फक्त कागदी लेबल चिकटवलेले आहे, फळी प्लायची आहे आणि साइडला सुटा मिळणारा प्रीॲम्प आहे, एवढे एकत्र दिसले की नाव विसरून तिच्याकडे निव्वळ एक वाद्य म्हणून पाहावे. एकच कारखाना अनेक नावांसाठी गिटारी बनवतो हेही लक्षात असू द्यावे. कोरियातील सॅमिक आणि कॉर्ट या कंपन्यांनी इतर ब्रँडसाठी मोठ्या प्रमाणावर उत्पादन केले आहे, त्यामुळे दोन निराळ्या नावांच्या गिटारी लाकडापासून ब्रिजपर्यंत सारख्या असणे हा नकलेचा पुरावा नव्हे.

अखेरचा निर्णय

हाताशी आलेली संभाव्य नावे एका कागदावर मांडावीत आणि प्रत्येकापुढे स्केल, नट, जाडी, फ्रेट, पुढची फळी, कटअवे आणि उत्पादनाची वर्षे लिहावीत. यासाठी कंपनीची त्या काळातली जुनी सूचीपुस्तके पाहावीत, विक्रीच्या जाहिरातींतली वर्णने नव्हे. जाहिरातीतली चूक पुढच्या जाहिरातीत जशीच्या तशी उतरते. मग एकेका मापाने नावे गाळत जावे. माझ्या मते एकमेकांवर अवलंबून नसलेल्या तीन खुणा, उदाहरणार्थ स्केल, फळीचा प्रकार आणि अनुक्रमांकाचे वर्ष, एकाच नावाकडे बोट दाखवू लागल्या की मॉडेल निश्चित मानायला हरकत नाही. दोनच खुणा जुळत असतील तर कंपनीच्या ग्राहक विभागाला अनुक्रमांक आणि चार फोटो पाठवावेत: हेडस्टॉकची पुढची व मागची बाजू, साउंडहोलमधून दिसणारा आतला भाग, आणि प्रीॲम्पसह साइड.

एवढे करूनही दोन नावे उरली, तरी दुरुस्ती अडून राहत नाही. सॅडलखालच्या पिकअपसाठी सॅडलच्या खाचेची लांबी, रुंदी आणि खोली लागते. सॅडलची जाडी बहुधा ३ मि.मी.च्या आसपास असते, पण ती कॅलिपरने मोजावी, कारण अर्ध्या मिलिमीटरच्या फरकानेही पिझो पट्टीवर (सॅडलखालच्या पिकअपवर) दाब सारखा पडत नाही आणि तारांचा आवाज कमीजास्त येतो. प्रीॲम्पसाठी बाहेरच्या चौकटीचे नव्हे तर लाकडात कापलेल्या जागेचे माप घ्यावे, स्क्रूंच्या छिद्रांमधले अंतर लिहावे, आणि आत किती खोल जागा आहे तेही पाहावे, विशेषतः पातळ शरीराच्या गिटारमध्ये. नवा प्रीॲम्प जुन्या जागेपेक्षा थोडा मोठा असला तर चौकट वाढवता येते. लहान असला तर उरलेली फट बुजवणे अवघड जाते, म्हणून मापात शंका असेल तेव्हा मोठ्या चौकटीचा पर्याय निवडावा. पिकअपची वायर प्रीॲम्पला कोणत्या जोडणीने लागते, छोट्या जॅकने की सोल्डर करून, याचा फोटो जुना भाग काढण्याआधी घेऊन ठेवावा.